विनंती थांबा

पास्कू, आता मी तुला 'तू' म्हणणार आहे. आधी कितीतरी दिवस 'अहो कंडक्टर' म्हटलं, मग ओळख वाढल्यावर 'पास्कलराव' म्हटलं, आणि त्यावर तू गाडीभर हसलास, की राव कसले बाई, आम्ही केळीच्या वाडीतली माणसं. तू मात्र मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणालास, कारण शाळेतल्या शिक्षिकेला आपल्याकडे लहानथोर सगळे बाईच म्हणतात. आता तू पापडीच्या कबरस्थानात आहेस आणि मी आगाशीला आमच्या पडवीत कागद घेऊन बसले आहे. 'तू' म्हटलेलं आवडलं नाही तर येऊन सांग. येणार नसशील तर ऐकून घे.

तुझ्या डेपोतली माणसं आली होती. फळ्यावर लावायला चार चांगले शब्द लिहून द्या म्हणाली, तुमचं अक्षर सुंदर आहे. मी लिहायला बसले. 'मनमिळाऊ' लिहिलं. 'कर्तव्यदक्ष' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. कर्तव्यदक्ष! याच सुंदर अक्षरात मी तुझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि तिच्यापायी तुझी तीन महिने दुसऱ्या रूटवर रवानगी झाली होती. मी कुठल्या तोंडानं तुला कर्तव्यदक्ष म्हणू? कागद फाडला. फळा रिकामाच आहे, राहू दे.

ती सकाळ तुला आठवत असेलच. मी तेव्हा वसईच्या शाळेत नवीन लागले होते आणि आगाशीच्या बाजारातून सुटणारी तुझी गाडी मला वेळेवर हवी होती. गाडी भरली, सगळे बसले, तरी सुटेना. खाली हरबा गात होता. गळ्यात अडकवलेली पेटी, डोळे जन्मापासून अधू, शेजारी त्याची बायको सखू ढोलकी घेऊन. आणि तू मागच्या दारात बेलची दोरी हातात धरून उभा, दोरी न ओढता. ड्रायव्हरनं तर इंजिनच बंद केलेलं.

"अहो कंडक्टर, डबल बेल द्या," मी म्हटलं.

"देतो ना बाई. शेवटचं कडवं आहे. गाणं संपलं की लगेच."

मी तक्रारवही मागितली. वाटलं होतं, घाबरशील. तू वही काढून दिलीस आणि माझं पेन गळतंय हे बघून तुझं पेनही दिलंस. मी लिहिलं, 'एका भिकाऱ्याचे गाणे ऐकण्यासाठी कंडक्टरने गाडी सात मिनिटे रोखून धरली. ही दिरंगाई रोजची आहे.' खाली सही, पत्ता, सगळं. तू माझ्यासमोरच ते वाचलंस. वाचलंस म्हणजे ओठ हलवत, शेवटच्या टिंबापर्यंत वाचलंस.

"बाकी सगळं बरोबर आहे," तू म्हणालास. "सात मिनिटंपण बरोबर. हा एकच शब्द बदला, बाई. भिकारी नाही तो, वादक आहे."

"मी लिहिलेलं खोडत नाही," मी म्हटलं.

खरंच खोडत नसे. मुलांच्या वहीत एक खाडाखोड दिसली तर पान पुन्हा लिहून घ्यायची. तू मान हलवलीस, वही तिकिटांच्या पेटीत ठेवलीस, गाणं संपलं होतं, दोरी दोनदा ओढलीस. तीन आठवड्यांनी तू त्या गाडीवर नव्हतास.

पुढचे तीन महिने गाडी घड्याळ लावून सुटली. नवा कंडक्टर कडक होता. पण हरबाची सवय जुनीच राहिली, गाडी लागली की तो सूर धरायचा. त्यामुळे झालं काय, की रोज मला एकाच गाण्याची पहिली ओळ ऐकू यायची आणि दुसरी सुरू होते न होते तोच टिंग टिंग. नव्वद दिवस पहिली ओळ! शाळेत फळ्यावर गणित मांडताना ती ओळ डोक्यात. घरी आमटीला फोडणी देताना ती ओळ. आमचे हे म्हणाले, काय गं, पुढचं येत नाही का? शेवटी एका रविवारी चालत बाजारात गेले आणि वाळवलेल्या सुकेळ्यांच्या टोपलीशी उगाच भाव करत उभी राहिले, ते पुढचं ऐकायला.

तिथं तू मला पकडलंस.

"काय बाई, आज सुट्टी ना?"

"सुकेळी घ्यायला आले."

"घ्या की. पण अजून दोन कडवी आहेत, घाई करू नका."

तू तक्रारीबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. रागावला असतास तर मला बरं वाटलं असतं. मी भांडायची तयारी ठेवून होते आणि तू मला सांगत होतास की हरबाचं गाणं समोरून नाही ऐकायचं, डाव्या बाजूला उभं राहून ऐकायचं, कारण पेटीचा भाता तिकडे उघडतो आणि समोरून सखूच्या ढोलकीखाली त्याचा आवाज बुडतो. मी डावीकडे सरकले. अगदी खरं होतं ते.

मुंबईहून आमचे पाहुणे येतात आणि नाक वर करून विचारतात, तुमच्याकडे ऐकायला-बघायला काय आहे? म्हणजे नाटकगृह नाही, सभागृह नाही, मग काय, केळी आणि मासे? मी पूर्वी ओशाळून हसायची. आता नाही हसत. आता मी त्यांना तू शिकवलेलं सांगते, आणि ऐकायचं नसेल तर जा म्हणते. पाचूबंदरला सकाळी जा, पण मासळीचा लिलाव चालू असताना नाही, लिलाव उरकल्यावर. तेव्हा ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत एक म्हातारा पत्र्याचा डबा वाजवतो आणि जाळी शिवणाऱ्या बाया गातात, आणि कोणी परका दिसला की गप्प बसतात, म्हणून पाठ करून उभं राहायचं, समुद्र बघतोय असं दाखवायचं. पापडीला बाजाराच्या दिवशी शिंप्याच्या दुकानाबाहेर लग्नाच्या बँडमधला तो कॉर्नेटवाला सराव करतो. एकच तान वीसदा चुकतो आणि एकविसाव्यांदा अशी घेतो की शिंपी मशीन थांबवतो. आणि विरारला स्टेशनाबाहेर रसवंतीपाशी ती एकतारीवाली. ती ताल कशाचा धरायची? रसाच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा. चरक फिरला तर गाणं, नाही तर ती गप्प. "म्हणून रस प्या बाई," तू म्हणालास, "तहान नसली तरी प्या." त्या उन्हाळ्यात मी इतका रस प्यायले की घसा बसला आणि पंधरा दिवस वर्गात खुणांनी शिकवलं.

तुझे नियमही पाठ आहेत मला. उभ्यानं ऐकायचं. गाणं मध्येच सोडून जायचं नाही. चालता चालता नाणं फेकायचं नाही, ते दगड मारल्यासारखं दिसतं. द्यायचं तर वाकून ठेवायचं, आणि नसेल तर नुसतं उभं राहिलं तरी चालतं. वसईत इतके शिकलेले लोक राहतात, त्यांच्यातल्या कितीजणांना हे येतं?

पण पास्कू, तू गेलास म्हणून तू सगळीकडे बरोबर होतास असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला वाद बहाल करायची आपल्याकडे रीत आहे, ती मला मान्य नाही. गाडी थांबवणं चूक होतं. पापडीच्या स्टॉपवर तू कॉर्नेटसाठी गाडी धरून ठेवलीस, तेव्हा पाचूबंदरच्या गोमाबाय माशांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या. आगाशीचा बाजार गाठायचा होता त्यांना. त्या काय म्हणाल्या ते आठव.

"पास्कू, तुजा गाना संपल रं, पन माजा म्हावरा नासल त्याचा काय? बर्फाचा पानी झाला बघ सगला."

गाडी हसली. तूही हसलास. गोमाबाय हसत नव्हत्या, मी बघत होते. आणि वर त्या दिवशी बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होईना. सगळ्यांना उतरवून धक्का मारायला लावलास. मी पदर खोचून गाडी ढकलली, पुढे मागे माझेच विद्यार्थी, दुसऱ्या दिवशी शाळाभर तीच चर्चा. गाडी सुरू झाल्यावर तू मला म्हणालास, "बाई, हातभार लावलात." त्या क्षणी तक्रारवही मागायला मी हात पुढे केला होता, आठवतं? मग मागे घेतला.

तुझं म्हणणं असायचं, पाटीवर काय लिहिलंय? विनंती थांबा. कोणी विनंती केली की थांबायचं. हरबा गातो म्हणजे विनंतीच करतो की. मी म्हणायची, विनंती उतारूनं करायची असते, गाणाऱ्यानं नाही, आणि नियमाचा असा सोयीचा अर्थ लावायचा नसतो. तू म्हणायचास, अर्थ तुम्ही लावा बाई, तुम्ही मराठी शिकवता, आम्ही नुसते थांबतो. हा वाद दहा-बारा वर्षं चालला. मी हरलेले नाही. मला अजून उत्तर द्यायचं होतं आणि तू कावीळ काय घेऊन बसलास.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला इतकी पानं लागली, यावरून ओळख.

तुला घरातून चर्चला नेत होते तेव्हा मी मागे बायकांच्या घोळक्यात होते. तुमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो आणि वळणावर हरबा आणि सखू उभे. आगाशीहून आले होते. कोणी बोलावलं नव्हतं. हरबाच्या गळ्यात पेटी, आणि सहा जणांच्या खांद्यावर तुझी पेटी. दोन पेट्या समोरासमोर थांबल्या. सखूनं हात जोडून तुझ्या थोरल्या भावाला, थॉमसदादाला, विचारलं, कंडक्टरदादाचं आवडीचं एक गानं म्हणू का.

थॉमसदादा वाईट माणूस नाही. रडून रडून त्याचे डोळे सुजलेले होते आणि फादर चर्चच्या दारात थांबलेले होते. तो म्हणाला, "आज भिकाऱ्यांना नको. बाजूला व्हा. उशीर होतोय."

माझा शब्द, पास्कू. माझाच शब्द, आणि उशीर हाही माझाच. मी चार पावलांवर होते. 'थांबा' म्हटलं असतं तर थॉमसदादा थांबला असता, त्याची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली आहेत. मी नाही म्हटलं. मनाशी कारणं तयार होती, की मी परक्या घरची, परक्या धर्माची, इथं तोंड घालणं बरं नाही. खोटं होतं सगळं. मला त्या शब्दाची लाज वाटली आणि लाजेनं मी गप्प बसले. सखूनं ढोलकी पदराखाली घेतली आणि हरबाचा हात धरून त्याला गटाराच्या कडेला नेलं. आम्ही पुढे गेलो.

त्यानंतर महिनाभर मी बाजारातून मान खाली घालून गेले. बाजारही बदललाय. पानवाल्यानं कॅसेटचा कर्णा लावलाय, स्टेशनकडून वाड्या विकल्या जात जात इमारती आपल्याकडे सरकताहेत, आणि त्या इमारतीत राहायला आलेली माणसं हरबाला वळसा घालून जातात. मीही तेच करत होते. मग कळलं की चर्चमध्ये तुझ्या महिन्याची मिस्सा येत्या रविवारी आहे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सरळ हरबापुढे जाऊन उभी राहिले. डाव्या बाजूला.

"रविवारी पापडीला या," मी म्हटलं. "दादासाठी वाजवायचंय."

"एकदा हाकललंय की बाई," हरबा म्हणाला. "पुन्यांदा कशाला?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. वही, सात मिनिटं, तीन महिने, तो शब्द. हरबानं पेटीचा भाता मिटला.

"त्ये पुस्तकात अजून लिवलेलं हाय व्हय?"

"असेल. डेपोत कुठल्यातरी कपाटात."

"मग ऱ्हाऊ द्या की. मला कुठं वाचायचंय."

"मला वाचता येतंय," सखू म्हणाली. ती ढोलकीची दोरी ताणत होती, तिनं मान वर केली नाही. "दादानं शिकवलंय. गाडीच्या पाट्यांवरनं. काय लिवलं व्हतं बाई? शब्द सांगा."

मी वीस वर्षं शिकवते आहे, पण इतका जड शब्द मला कधी उच्चारावा लागला नव्हता. तिच्या तोंडावर उच्चारला. बाजारात, चार माणसांत.

"आन् आता काय म्हणता?"

"वादक," मी म्हटलं.

"ह्यांना का मला?"

"दोघांना."

तिनं ढोलकीवर एक थाप मारून बघितली, सूर बरोबर लागलाय का ते. "येतो," म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाई. दादासाठी."

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सखूला तू वाचायला शिकवत होतास, त्याच गाडीच्या पाट्यांवरून, आणि मी पगारी शिक्षिका तिच्यापासून तीन हातांवर खिडकीत बसून घड्याळ बघत होते. मला एकदा तरी टोमणा मारायचास. तुझ्या चांगुलपणाचा मला राग येतो, पास्कू, आणि तो जाईल असं वाटत नाही. आणि उपकारही मानायचे आहेत. माझ्या दोन्ही कानांबद्दल. तू भेटेपर्यंत मी ते फक्त मुलांची पाठांतरं तपासायला वापरत होते.

आज तो रविवार. मिस्सा संपली, माणसं फुलं आणि मेणबत्त्या घेऊन कबरस्थानाकडे निघाली, पुढे थॉमसदादा, त्याच्यामागे काळ्या साडीत तुझी बायको मार्था. रस्त्याच्या कडेला हरबा आणि सखू उभे, आणि त्यांच्याशेजारी मी. थॉमसदादानं आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा आखडला.

"बाई, ह्या भिकाऱ्यांना तुम्ही आणलंत?"

"भिकारी नाहीत," मी म्हटलं. पन्नास पोरांचा वर्ग ज्या आवाजानं गप्प होतो, तोच आवाज लावला. "वादक आहेत. त्याचे वादक आहेत. थांबा, थॉमसदादा. एक गाणं संपेपर्यंत थांबायचं आहे."

तो मार्थाकडे वळला. मार्था पुढे आली, त्याच्या बाजूनं निघून आमच्यात येऊन उभी राहिली आणि सखूला म्हणाली, "वाजव गो."

हरबानं तुझ्या आवडीचं ते गाणं घेतलं, त्यानं स्वतः रचलेलं, आगाशीपासून पाचूबंदरपर्यंत सगळ्या थांब्यांची नावं गुंफलेलं. रस्ता भरला. मागून वसईची गाडी आली, तिला वाट मिळेना, तीही थांबली. कंडक्टर ओरडला, आम्ही हललो नाही. ज्यांना तक्रार लिहायची त्यांनी लिहावी, वही मागून घ्यावी, मी सही करायला तयार आहे. मार्था रडत होती आणि एकेक थांबा आला की मान डोलवत होती. मीही रडले. गाण्यात निर्मळ आलं, पापडी आली, आणि पाचूबंदरला येऊन गाणं संपलं.

 थॉमसदादा मेणबत्त्यांचं पुडकं छातीशी धरून उभा होता. तो खाकरला. हरबाच्या अगदी जवळ गेला आणि म्हणाला, "हे त्याच्यासाठी झालं. आता माझ्यासाठी एक म्हणशील?"

"म्हणतो की," हरबा म्हणाला. "कुठलं म्हणू दादा?"

 थॉमसदादानं मार्थाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली रस्त्याकडे बघितलं. सारा जन्म त्यानं याच रस्त्यावरून पानं आणि केळी बाजारात पोचवली होती, आणि त्याला एकही गाणं आठवेना.

"आठवा सावकाश," सखू म्हणाली.

त्याला आठवेपर्यंत आम्ही सगळे रस्त्यात उभे होतो.